भांडलेल्यांची पंगत

माझ्या आयुष्यात ज्या बाईचा मी सगळ्यात जास्त राग राग केला, तिच्या घरी मी नऊ नाताळ जेवले. यात माझा काही मोठेपणा नाही. तिच्याकडचं नाताळचं जेवण भांडल्याशिवाय मिळतच नसे, आणि तिच्याशी न भांडता त्या घरात राहायचं तर माणूस मुका, बहिरा आणि शक्यतो बेशुद्ध असावा लागे.

ती माझी घरमालकीण. दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. आदिलाबादच्या कापूस बाजारामागच्या गल्लीत तिचं चार खोल्यांचं घर, अंगणात पेरूचं झाड आणि मागे भाड्याची एक खोली. सगळी गल्ली तिला सिस्टरबाई म्हणायची. किडकिडीत अंग, पांढरी साडी, पायात पुरुषी रबरी चपला. कमरेला इतर बायका किल्ल्या लावतात, ही कात्री लावायची. नाडीत ओवलेली, दवाखान्यातली जुनी कात्री. कात्रीनेच ती मलमपट्टी कापायची, कोथिंबीर कापायची, पेरूची फांदी कापायची, आणि कापून झालं की पदराला पुसून परत कमरेला. त्या कात्रीने चिरलेली कोथिंबीर मी नऊ वर्षं खाल्ली आणि जिवंत आहे, याला तिने देवाची कृपा म्हणावं आणि मी माझ्या पोटाची ताकद.

मी तामसीकडच्या एका खेड्यातली. वडील दुसऱ्याच्या वावरात राबले, मी शिकले, मराठी शाळेत शिक्षिका झाले. आमचं घर बौद्ध. दुसऱ्यांच्या देवादिकांच्या येडेपणावर हसायला मी लहानपणीच शिकले होते, आणि आदिलाबादला आल्यावर तर हसायला रोजचंच साधन मिळालं.

पहिल्याच रविवारी मी आठवड्याचे कपडे धुतले आणि अंगणात दोरीवर वाळत घातले. दहा मिनिटांनी बाहेर आले तर दोरी कापलेली आणि सगळे कपडे धुळीत. ती कात्री पुसत उभी.

"रविवार देवाचा दिवस हाय," ती म्हणाली. "या घरात रविवारी कपडे धूत नाहीत."

"मला सुट्टी रविवारीच असते."

"मंग सुट्टी घेऊन धुवा."

"तुमच्या देवाला भाडेकरू मळके चालतात का?"

"माह्या देवाले सगळेच मळके भेटले," ती म्हणाली. "त्याले सवय हाय."

मी ते कपडे पुन्हा धुतले, त्याच दिवशी, तिच्या नाकासमोर, खोलीच्या खिडकीला बांधले आणि दिवसभर तिला ऐकू जाईल असं बोलत राहिले. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात गेली आणि दारामागे लटकवलेल्या चर्चच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं. मला वाटलं, घर खाली करायची तारीख लिहिली असणार.

तारीख नव्हती, माझं नाव होतं. डिसेंबरात समजलं. तिचा नियम असा: वर्षभरात ज्याच्या ज्याच्याशी भांडण झालं त्याचं नाव त्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला जायचं, आणि नाताळच्या दुपारी नेमकी तीच माणसं जेवायला. बाकी कोणी नाही. ज्यांच्याशी तिचं गोड होतं, जे तिला येताजाता फळं देत, दुखण्याखुपण्यात विचारत, त्यांना बोलावणं नाही. ते बिचारे वास घेत आपापल्या घरी बसायचे. आणि आम्ही, जे तिचं तोंड बघायला तयार नव्हतो, ते तिच्या अंगणात पेरूखाली रांगेत बसून तिच्या हातचं मटण खायचो. हा काय न्याय? मी तिला तसं विचारलंही.

"मास्तरीनबाई, गोष्ट माहीत हाय ना तुमाले?" ती म्हणाली. "मरियम पोटुशी. गावात जागा नाही. धर्मशाळेवाल्यानं म्हटलं, जागा नाही, जा. मंग गोठ्यात लेकरू झालं. आता मेंढपाळ आले, राजे आले, सगळ्यायनं दर्शन घेतलं. सगळ्यायचं सगळे सांगतात. त्या धर्मशाळेवाल्याले कोणी बोलावलं का? तो तं बाजूलेच होता. त्याले पाळण्यातलं लेकरू दिसलं का? ज्यानं जागा नाही देल्ली त्याले पह्यले बोलवाव. माह्या घरी तेच येतात, धर्मशाळेवाले."

म्हणजे आम्ही सगळे धर्मशाळेवाले आणि ही येशूची आई. मी मनात म्हटलं, बाईचा अहंकार तरी बघा.

एक सांगायला हवं. तिने कोणाची माफी मागितलेली मी कधी ऐकली नाही. जेवायला आलेल्या माणसालाही ती "माझं चुकलं" म्हणायची नाही. "घे अजून," एवढंच. आणि वाढताना भांडणाचा विषय काढायचीच. गल्लीतल्या टेलर चाचाला रस्सा वाढता वाढता म्हणायची, "बाही वाकडीच शिवली होती." चाचा मान खाली घालून म्हणायचा, "हाँ सिस्टर, टेढ़ी थी, चलो बोटी डालो." पेरूची फांदी तारेला लागते म्हणून दर वर्षी तिच्याशी कडाकडा भांडणारा लाइनमन पहिल्या पानावर बसायचा. तिच्या चर्चचे पास्टरही यायचे. कारण पास्टरशी तिचं दर वर्षी ठरलेलं भांडण होतं.

ते भांडण गाण्याचं. चर्च तेलुगू. प्रवचन तेलुगू, प्रार्थना तेलुगू, गाणी तेलुगू. मराठी ख्रिस्ती घरं एकेकाळी दहाबारा होती म्हणे, कोणी नागपूरला गेलं, कोणी यवतमाळला, उरली ही एकटी. तिचं म्हणणं, नाताळच्या उपासनेत एक गाणं मराठी झालंच पाहिजे. पास्टर म्हणायचे, अम्मा, कोण गाणार? ती म्हणायची, मी. आणि गायची. एका वर्षी मी मुद्दाम मजा बघायला गेले. सगळं चर्च झेंडूने आणि रंगीत कागदांनी भरलेलं, पोरीबाळी नव्या साड्यांत, कीबोर्डवाला तालात, आणि मध्येच ही उठून उभी राहिली आणि आपलं मराठी गाणं सुरू केलं. सूर एकीकडे, ताल एकीकडे, आणि टाळ्या तिसरीकडेच. कीबोर्डवाल्याने दोन ओळी पाठलाग केला आणि सोडून दिलं. मी पदरात तोंड घालून हसत होते. पण हसता हसता तिच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पासष्टीची बाई, डोळे मिटलेले, आणि तोंडावर असा आनंद की शाळेत सहलीची गाडी आल्यावर पहिलीतल्या पोरींच्या तोंडावरच मी तेवढा पाहिलाय. शेजारच्या तेलुगू बाया एक अक्षर कळत नसतानाही टाळ्या वाजवत होत्या. मला तसं आनंदात कोणत्याच देवापुढे जाता येणार नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याचा रागही आला.

डिसेंबर लागला की गल्लीत खोटी भांडणं सुरू व्हायची, तो आणखी एक तमाशा. मटणाची चटक लागलेली माणसं. एकदा शेजारच्या घरातली नवी सून येऊन म्हणाली, "सिस्टरबाई, तुमच्या पेरूले चव नाही." सिस्टरबाई म्हणाली, "खरं हाय, नाही." सून बिचारी उभीच राहिली. पुढे काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं.

"खोटं भांडण चालत नाही," ती मला नंतर म्हणाली. "आतून याले पाह्यजे."

आता तिच्या मसाल्याबद्दल. नाताळच्या आदल्या दिवशी ती मिक्सर लावायची आणि मिक्सरला शिव्या द्यायची. मसाला बारीक होतो, वाटला जात नाही, म्हणे. मायच्या पाट्यावरचा मसाला म्हणजे मसाला. दर वर्षी हेच पुराण. मी एकदा म्हटलं, मग आणा की एक पाटा, बाजारात काय कमी आहेत?

"मले मायचाच पाह्यजे," ती म्हणाली. "तो दादाकडं हाय."

असा तिचा भाऊ माझ्या आयुष्यात आला. तिच्याहून पाचएक वर्षांनी मोठा. माझ्या गावाच्या पुढे दोन थांब्यांवर त्यांचं गाव, कापूस-ज्वारीचं घर. ही नर्सिंग शिकायला गेली आणि तिकडे तिने बाप्तिस्मा घेतला. भावाने बोलणं सोडलं. मग आई गेली. तेरवीला ही गेली तर घरभर पाहुणे, आणि दादा दारात उभा. म्हणाला, आत जागा नाही. तेरवीचा सगळा दिवस तिने गोठ्यात बैलांजवळ काढला. कोणीतरी तिथेच जेवणाचं पान आणून दिलं.

"मले वाईट वाटलं," ती म्हणाली, "मंग म्या म्हटलं, बरं हाय. माह्या येशूले बी तिथंच जागा भेटली होती."

हे ती हसत सांगायची. मला मात्र त्या दिवशी तिची थट्टा सुचली नाही. आमच्या घरच्यांनीही लोकांच्या अंगणाबाहेर बसून पानावरचं खाल्लं आहे, मला ते सांगावं लागत नाही.

"मग या दादाला बोलवा की जेवायला," मी म्हटलं. "त्याच्याएवढा धर्मशाळेवाला कोण आहे?"

"बोलावलं. सात-आठ वर्षं चिठ्ठ्या धाडल्या. तो म्हणते, माहं तिच्यासंगं काहीच नाही. ना बोलणं, ना भांडण." मग ती जरा थांबून म्हणाली, "भांडण असतं तं बोलावता आलं असतं. काहीच नाही म्हणणाऱ्याले कसं बोलवाव?"

पस्तीसेक वर्षं तिचं खरं दुखणं हे होतं. भाऊ भांडत नव्हता.

तर पाचव्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी निघाले तेव्हा ती म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमी तं तिकडंच चाल्ल्या. दोन थांबे पुढं जाऊन या. दादाले म्हणा, पाटा माहा हाय. मायनं मले देल्ला होता."

"दिला होता का?"

"तोंडी देल्ला होता."

मी गेले. कशाला गेले, मलाच माहीत नाही. ओसरीत वेचलेल्या कापसाचा ढीग, त्याच्यासमोर बाजेवर हा म्हातारा. तिचंच नाक, तिचीच हनुवटी, फक्त मिशी जास्त. भिंतीला पाटा आणि वरवंटा टेकवून ठेवलेले, वरवंटा पाट्याच्या कुशीत. मी निरोप सांगितला. मला वाटलं, हा "काहीच नाही" म्हणणार आणि मी सुटणार.

"मायनं तिले कवा देल्ला?" तो म्हणाला. "तिले म्हणा, खोटं नको बोलू."

मी परत येऊन हे सांगितलं तेव्हा सिस्टरबाई खुर्चीवरून उठली. काय काय म्हणाला, कसा म्हणाला, आवाज चढवून का उतरवून, पुन्हा सांगा म्हणाली. मी तीनदा सांगितलं. मग तिने उलट निरोप दिला. पुढच्या दोन रविवारी मी पदरच्या तिकिटाने भांडणं पोचवत होते. शिकलेली बाई, पोरांना नागरिकशास्त्र शिकवणारी, एका दगडापायी दोन म्हाताऱ्यांच्या शिव्या वाहून नेत होते. माझ्या अकलेला काय झालं होतं?

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो स्वतः आला. सकाळची बस पकडून, स्टँडवरून चालत. गल्लीच्या मध्यभागी उभा राहिला आणि सुरू झाला. पाट्यापासून सुरुवात केली आणि बाप्तिस्म्यापर्यंत गेला. सिस्टरबाई दारातून बाहेर आली आणि तिनेही सोडलं नाही. चाचाने मशीन थांबवलं. माझ्या शाळेतल्या दोन पोरांच्या आया भाजी निवडायचं सोडून बघत होत्या, आणि मी दारामागे लपले होते. कापूस बाजारातून उडून आलेला तुरळक कापूस त्या दोघांच्या केसांत अडकत होता आणि दोघं भांडत होते. तिचं तोंड मला दिसत होतं. चर्चमध्ये गाताना होतं, तसंच होतं.

शेवटी तिला दम लागला. "पंचवीसले जेवाले ये," ती म्हणाली.

"तुह्या घरचं पाणी नाही पेणार," तो म्हणाला आणि गेला.

तिने त्या दिवशी कॅलेंडरवर त्याचं नाव लिहिलं. पेन्सिलीने नाही, पेनाने. मग लगेच सामानाची यादी करायला बसली, आणि भावाला हाडाचं आवडतं का बोटीचं, हे आठवत बसली.

आता माझा शहाणपणा ऐका. मला त्या तमाशाची लाज वाटली होती. शाळेत एकीने मला विचारलंही, काय वं मॅडम, तुमच्या घरी झगडा झाला म्हणे. मी ठरवलं, हे बस झालं. पुढच्या रविवारी बसने म्हाताऱ्याकडे गेले, कापसाच्या ढिगाशेजारी बसले आणि त्याला समजावलं. एक दगड आहे. देऊन टाका. तुमच्या घरात मिक्सर आहे, सुनेला पाट्याचं काय काम? देऊन टाका म्हणजे तिचं तोंड बंद होईल.

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "देल्ला तं भांडण मिटते?"

"मिटतं."

"मंग जेवाले जाचं काम नाही?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. किती ऐटीत म्हटलं, ते आठवलं की आजही स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्या वाटतात. भांडणाशिवाय त्या घरात पान नाही, हे मला पाच वर्षं पाठ होतं. तरी मी माझ्या हाताने त्या म्हाताऱ्याला न जेवण्याची वाट दाखवून आले. गावाला कोणती बस जाते ते सांगावं, तसं.

आणि घरी येऊन मोठ्या आनंदाने तिला सांगितलं, "मिटवून आले."

ती लसूण सोलत होती. हात थांबले. माझ्याकडे बघून ती एवढंच म्हणाली, "तुमी मास्तर लोकं फळ्यावर काही राहूच देत नाही." मग लसूण सोलायला लागली.

मला वाटलं होतं, ती चिडेल, कात्री काढेल, पुन्हा दोरी कापेल. काही नाही. त्यानंतरच्या रविवारी मी कपडे धुतले, वाळत घातले, ती बाजूने निघून गेली. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं तर तिने माझी बादली भरून ठेवली. मला भीती वाटायला लागली. ती घरात नसताना मी कॅलेंडर उलटून पाहिलं. चाचा होता, लाइनमन होता, पास्टर होते, दादाचं नाव पेनाने होतं. माझं नाव नव्हतं.

पाच वर्षं मी त्या यादीला नाकं मुरडली, आणि त्यात नाही म्हटल्यावर मला रडायला आलं. माणसाला काय पाहिजे असतं, त्याचं त्यालाच कळत नाही म्हणतात ते माझ्यासारख्यांबद्दलच असणार.

नाताळची सकाळ. आमच्याकडे डिसेंबरात थंडी हाडात जाते, तशी ती होती. सिस्टरबाई चर्चला गेली, गाऊन आली. मला कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला बसले. दुपारी माणसं आली, रांगेत बसली. चाचाच्या बाजूला एक पान रिकामं मांडलेलं होतं. कोणासाठी, हे कोणी विचारलं नाही. वाढायची वेळ झाली तरी ती वाढेना. रस्सा पुन्हा गरम करायची, पुन्हा झाकायची, मध्येच फाटकाकडे बघायची. पास्टरांनी दोनदा आशीर्वाद म्हटला.

दीडच्या सुमारास फाटकासमोर शेअर ऑटो थांबला आणि म्हातारा उतरला. खांद्यावर बारदान्यात गुंडाळलेला पाटा. घामाघूम झालेला. फाटक ढकलून आत आला, पायरीजवळ पाटा उतरवला आणि कंबर धरून सरळ झाला.

"घे," तो म्हणाला. "तुहा पाटा. मिटलं."

"मिटलं," तो पुन्हा म्हणाला, आमच्या रांगेकडे बघून, आम्ही पंच बसलो आहोत असं समजून. आणि वळला.

माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मला कळत होतं की हे माझं काम आहे, हा माणूस फाटकाबाहेर चालला तो मी घालवलेला आहे, आणि आता पुन्हा पस्तीस वर्षं "काहीच नाही".

सिस्टरबाई पायरीवर खाली बसली. बारदाना बाजूला केला. पाट्यावर तळहात फिरवला, मध्ये जिथे वाटून वाटून खोलगट झालं होतं तिथे हात थांबला. मग वर न बघता म्हणाली,

"वरवंटा?"

म्हातारा फाटकाला हात लावून थांबला.

"वरवंटा नाही देत."

"काऊन?"

"तुनं पाटा मांगतला. वरवंटा कुठं मांगतला होता?"

"पाट्यासंगं वरवंटा येते. इतकी बी अक्कल नाही?"

"अक्कल मले शिकवते? घर सोडून गेली तवा कुठं होती तुही अक्कल?" तो फिरून दोन पावलं आत आला. "माय वाट पाहू पाहू मेली."

"आन म्या आली तं मले आत घेतलं?" ती उठून उभी राहिली. आवाज फाटला होता तिचा. "मायच्या तेरवीले मले गोठ्यात बसवलं तुनं. जागा नाही म्हणे. साऱ्या गावाले जागा होती. माह्यासाठीच नव्हती?"

म्हातारा उभा राहिला. डोक्यावरचा रुमाल काढला, त्याने मान पुसली, पुन्हा डोक्याला बांधायला गेला आणि हातातच राहू दिला.

"होती," तो म्हणाला. "जागा होती."

मला आतापर्यंत कोणी मोठा माणूस आपली चूक इतक्या थोड्या शब्दांत बोलताना दिसला नाही. चाचा पानाकडे बघत होता. पास्टरांना मराठी नीटसं कळत नव्हतं, तरी त्यांनी मान खाली घातली.

"हात धू," सिस्टरबाई म्हणाली. "कवाचा भात थंडा होऊन राह्यला."

त्याने हौदावर हात धुतले. तिने तांब्या दिला, तो घटाघटा प्यायला, आणि त्या घरचं पाणी पिणार नाही हे तो विसरला की काय, मी विचारलं नाही. चाचाच्या बाजूच्या पानावर बसला. ती वाढायला लागली. रस्सा पानाबाहेर सांडत होता. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"तू काऊन उभी वं?" ती म्हणाली. पाच वर्षांत पहिल्यांदा मला "तू". "तुह्यासंगं तं सगळ्यात मोठं भांडण हाय माहं. बस तिथं, दादाच्या बाजूले."

मी बसले. काय जेवले आठवत नाही. डोळ्यांतलं पाणी भातात जात होतं आणि मसाला तिखट आहे असं मी सांगत होते.

त्याला चार वर्षं झाली. मी आता आदिलाबादलाच स्वतःच्या घरात राहते, पण दर वर्षी एखादं खरं भांडण आमचं होतंच, त्याची काळजी करावी लागत नाही. वरवंट्याबद्दल मी पहिलं वर्षभर समजत होते की म्हातारा घाईत विसरला. मग एकदा बसमध्ये त्याची बायको भेटली. ती म्हणाली, "दोन्ही बांधले होते ना बारदान्यात. थांब्यावर गेले, बस येऊन राह्यली, तं घरी वापस आले, वरवंटा काढून ठेवला, मंग गेले. म्या म्हटलं, जड झालं का? तं म्हणे, चूप बस."

मी काही सुधारले नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेची सहल बासरला गेली, तेव्हा गोदावरीतून एक छान लांबट गोल दगड उचलून आणला आणि तिला नेऊन दिला. म्हटलं, घ्या, याने वाटा आता. तिने दगड हातात घेतला, तोलून पाहिला, आणि परत माझ्या पिशवीत ठेवला.

"अजून मिटवायची सवय गेली नाही तुही," ती म्हणाली.

म्हणून आईचा पाटा अंगणात पेरूखाली धुवून पुसून ठेवलेला आहे आणि नाताळचा मसाला अजून मिक्सरवरच होतो. म्हातारा दर पंचवीसला सकाळच्या बसने येतो, पहिला घास घेतो आणि नाक वाकडं करतो.

"मसाल्याले चव नाही. पाट्यावर वाटत जाय."

"वरवंटा दे मंग."

"नाही देत," तो म्हणतो, आणि अजून एक भाकरी मागतो.